निजलेला संगणक जागा होतांना

शाळेंतील अगर घरांतील संगणकास कांहीं वेळ कोणीं हात लावला नाहीं म्हणजे तो निजतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच आहे. पडदा काळा होतो, आंतला पंखा थांबतो, एखादा बारीक दिवा तेवढा लुकलुकत राहतो. कीबोर्डावर बोट पडतांच यंत्र जागें होतें आणि जेथें काम सोडलें होतें तेथूनच तें पुढें चालूं होतें. परंतु कित्येकदां असें घडतें कीं, संगणक जागा होतो आणि त्याला जोडलेलें एखादें उपकरण मात्र जागें होत नाहीं. पेन ड्राइव्ह दिसेनासा होतो, कॅमेऱ्यांतून चित्र येत नाहीं, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत एक इंग्रजी सूचना झळकते. ‘पॉवर सर्ज ऑन द यू. एस. बी. पोर्ट’ हे तिचे पहिले शब्द. आणि खालीं बारीक अक्षरांत असें कीं, जोडलेल्या उपकरणास पोर्ट देऊं शकतो त्याहून अधिक वीज पाहिजे आहे.

‘सर्ज’ म्हणजे लोंढा. २००५ आणि २०१९ सालीं कृष्णेचें पाणी ज्यांच्या उंबऱ्याच्या आंत आलें, अशा सांगलीकरांस हा शब्द भिवविणाराच आहे. विजेचा लोंढा आला, यंत्र जळालें, आतां नवें घ्यावें लागणार, अशी समजूत होऊन पालक तें बाजारांत घेऊन जातात. आणि ती समजूत मोडण्यांत दुकानदाराचा कांहीं लाभ नसतो. पण पहिल्या ओळीनें घाबरून न जातां दुसरी ओळ वाचली तर दिसेल कीं, बाहेरून कांहीं आलें असें ती म्हणतच नाहीं. पूर आलेला नाहीं. पाटावरील कोणा एकानें आपल्या वांट्याहून जास्त पाणी ओढलें, म्हणून पाटकऱ्यानें दार लावून घेतलें, इतकाच तिचा आशय आहे. या दोहोंतील अंतर कित्येक हजार रुपयांचें असूं शकतें, यास्तव तें नीट समजून घेऊं.

पाटाचा दृष्टांत मीं मुद्दाम घेतला आहे. कऱ्हाडजवळ खोडशी येथें कृष्णेवर बंधारा घालून काढलेला कालवा एकोणिसाव्या शतकापासून सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शेतें भिजवीत आला आहे, आणि कालव्याचें पाणी कसें वांटतात हें आमच्या पुष्कळ मुलांस घरच्या अनुभवानें ठाऊक आहे. शेतकऱ्यानें आधीं नमुना नंबर ७ चा अर्ज भरावयाचा. पीक कोणतें, क्षेत्र किती, तें त्यांत लिहावयाचें. मंजुरी मिळाली म्हणजे पाळीप्रमाणें पाणी घ्यावयाचें. यू. एस. बी.च्या विजेची व्यवस्था बरीचशी अशीच आहे.

यू. एस. बी. म्हणजे सर्व तऱ्हेच्या उपकरणांस चालेल असा एकच सामाईक मार्ग. तिचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं कीबोर्डाची जोडणी वेगळी, माउसाची वेगळी, प्रिंटरची तर हातभर रुंद वाटावी अशी वेगळी, असा सगळा गोंधळ होता. इंटेल कंपनींत हें काम ज्यांच्या पुढाकारानें झालें ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट मुलांस सांगण्यासारखी आहे.

या केबलींत मूळच्या चार तारा असतात. दोन निरोपाच्या व दोन विजेच्या. विजेच्या तारांवर दाब ५ व्होल्टचा. यू. एस. बी. २ या जातीच्या पोर्टांतून एका उपकरणास जास्तींत जास्त ५०० मिलिअँपिअर, आणि यू. एस. बी. ३ च्या पोर्टांतून ९०० मिलिअँपिअर प्रवाह घेण्याची मुभा आहे. दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति निघते, हें वरच्या वर्गांतील मुलें जाणतात: ५ गुणिले ०.५ म्हणजे २.५ वॅट; ५ गुणिले ०.९ म्हणजे ४.५ वॅट. आपल्या खोलींतील साधा एल. ई. डी. दिवासुद्धां ९ वॅटचा असतो! इतक्या थोडक्या शिदोरीवर ही सर्व उपकरणें चालतात, हें आधीं लक्षांत घेतलें पाहिजे. (नव्या टाइप-सी जोडणींतून याहून बरीच अधिक वीज मिळूं शकते, येथें आपला विचार जुन्या चपट्या पोर्टांपुरताच आहे.)

उपकरण जोडल्याबरोबर त्यास आपला पूर्ण वांटा मिळत नाहीं. यू. एस. बी. २ मध्यें प्रथम १०० मिलिअँपिअरच घेऊन त्यानें आपली ओळख सांगावयाची: मी अमक्या कंपनीचें, अमक्या प्रकारचें, मला इतकी वीज लागेल. हा त्याचा नमुना नंबर ७. संगणकानें तो वाचून मान्य केला म्हणजे मग पुढील वीज. ही ओळख वाचतां आली नाहीं तर ‘अननोन यू. एस. बी. डिव्हाइस’, म्हणजे अनोळखी उपकरण, असा शेरा मारून संगणक त्यास दाराबाहेर ठेवतो. लोंढ्याची सूचना आणि हा शेरा पुष्कळदां जोडीनेंच दिसतात.

आतां निद्रेचा विचार. मार्गावर ३ मिलिसेकंद कांहींच हालचाल झाली नाहीं तर उपकरणानें निजण्यास लागावें, आणि निजल्यावर २.५ मिलिअँपिअरहून अधिक वीज घेऊं नये, असा नियम आहे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. जागें करण्याच्या वेळीं संगणक निदान २० मिलिसेकंद हाक देतो, नंतर १० मिलिसेकंद उसंत देतो. तेवढ्यांत उपकरणानें सावध होऊन ‘हजर’ म्हणावें. बहुतेक म्हणतात. कांहीं स्वस्त उपकरणें मात्र वर्गांतल्या शेवटच्या बाकावरील मुलाप्रमाणें हजेरी संपल्यावर डोळे उघडतात, आणि तोंवर त्यांच्या नांवापुढें गैरहजेरी पडलेली असते. शिवाय कित्येक संगणक निजतांना पोर्टांची वीज साफ तोडतात, कित्येक ती चालूं ठेवतात. तें यंत्राच्या बनावटीवर अवलंबून आहे. वीज तोडली असेल तर जागें होतांना प्रत्येक उपकरणाचा अर्ज पहिल्यापासून.

आणि खरी अडचण येथेंच येते. कालव्याची पाळी बरेच दिवस बंद राहून पाट कोरडा पडला, आणि मग पाणी सोडलें, तर पहिलें पाणी पिकास मिळत नाहीं; तें पाटाची तापलेली मातीच पिते. तद्वत् प्रत्येक उपकरणाच्या दाराशीं वीज साठविणारे लहान कपॅसिटर असतात. वीज गेल्यानें ते रिकामे झालेले असतात व ती येतांच आधीं ते भरून घेतात. उपकरणांत फिरती डिस्क असेल तर तिची मोटर स्थिर फिरत असतां जितका प्रवाह घेते त्याहून पुष्कळ अधिक ती सुरू होतांना घेते. एकेकटें उपकरण आपण हातानें जोडतों तेव्हां हें सर्व निरनिराळ्या वेळीं घडतें. संगणक जागा होतो तेव्हां एकाच क्षणीं. एकदम आलेली मागणी भागविणें हेंच कठीण असतें. पाटण तालुक्यांतील कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारा १९६० मेगावॅटचा जलविद्युत् प्रकल्प याच कामीं विशेष उपयोगीं पडतो. दिवेलागणीस मागणी चढूं लागली कीं पाण्याचें चक्र थोडक्या मिनिटांत फिरवितां येतें. संगणकाच्या पोर्टामागें असें धरण नाहीं. तेथें मर्यादा ओलांडली कीं रक्षक वीज तोडतो, आणि आपणांस सूचना दिसते.

हा रक्षक कांहीं यंत्रांत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, कांहींत ‘पॉलिफ्यूज’ नांवाचा एक तुकडा. घरच्या फ्यूजाप्रमाणें त्यांतील तार वितळत नाहीं. तो तापला म्हणजे त्याचा रोध एकाएकीं वाढतो व प्रवाह जवळजवळ थांबतो. निवला म्हणजे पुन्हां पूर्वस्थितीवर येतो. सर्व कांहीं बंद करून थोडा वेळ थांबल्यावर ‘मेलेला’ पोर्ट जिवंत होतो, त्याचें कारण पुष्कळदां हेंच. यांत कसली जादू नाहीं, आणि पोर्टावर फुंकर मारण्याचाही कांहीं उपयोग नाहीं.

जत तालुक्यांतील एका पालकांचें लहानसें सेवा केंद्र आहे. पी. एम. किसान योजनेच्या ई-केवायसीसाठीं शेतकरी तेथें येऊन बोटांचे ठसे देतात. मे महिन्याचे दिवस. दुपारीं जेवणाच्या सुटींत संगणक निजे, आणि उठल्यावर ठसे घेणारें यंत्र ओळखेनासें होई. वयस्कर माणसें दूरच्या वाडीवस्तीवरून उन्हांत आलेलीं. त्यांस ‘सर्व्हर बंद आहे’ असें सांगून परत लावावें लागे, व तें खरेंही नसे. बाजारांत दाखविल्यावर यंत्र जळालें, नवें घ्या, असा निकाल मिळाला. त्यांचा मुलगा तेव्हां नववींत होता. त्यानें पैसे देण्यापूर्वीं एका कागदावर जोडलेल्या वस्तूंची यादी केली. संगणकाच्या एका पोर्टास चार तोंडांचा हब; हबावर ठशांचें यंत्र, कॅमेरा, पेन ड्राइव्ह, आणि चौथ्या तोंडावर उकाड्यासाठीं घेतलेला वीतभर पंखा.

ज्या हबास स्वतःची वेगळी वीज नाहीं, तो म्हणजे एकाच चारीचे चार फाटे. यू. एस. बी. २ च्या नियमाप्रमाणें मुख्य पोर्टाच्या ५०० मिलिअँपिअरपैकीं १०० हबाच्या स्वतःच्या पोटासाठीं. उरलेल्या ४०० चे चार वांटे, प्रत्येकीं १००. दुकानांत मिळणारा हब सात किंवा दहा तोंडांचाही असतो. तोंडें वाढलीं म्हणून पाणी वाढत नाहीं. बरें, कॅमेऱ्यानें आणि ठशांच्या यंत्रानें निदान अर्ज तरी केला होता. पंख्याचा अर्जच नाहीं! निरोपाच्या तारांशीं त्याला कर्तव्य नसतें. तो विजेच्या दोन तारांस तोंड लावतो आणि पितो. संगणकाच्या हिशेबवहींत तो मुळीं अस्तित्वांतच नाहीं. रात्रीं पाटांत मोटर टाकून पाणी उपसणाऱ्याचें नांव पाटबंधाऱ्याच्या दप्तरांत सांपडत नाहीं, तसेंच हें. संगणक निजला कीं पोर्टाची वीज जाऊन पंखाही थांबे, आणि उठतांच पंख्याची मोटर, कॅमेरा व ठशांचें यंत्र हीं तिन्ही एकाच घोटास धांवत.

मुलानें पंखा काढला व संगणक दहा वेळां निजवून उठविला. सूचना एकदांही आली नाहीं. नंतर त्यानें पंखा पुन्हां लावला, आणि तिसऱ्या खेपेस ती आली. मला त्याच्या कामाचा हा दुसरा भाग अधिक आवडतो. दोष गेला कीं पुष्कळ शहाणीं माणसेंही तेथेंच थांबतात. परंतु दोष इच्छेप्रमाणें परत आणून दाखवितां आला, तरच त्याचें कारण सांपडलें असें म्हणतां येतें. पंखा आतां भिंतीवरील मोबाइलच्या चार्जरवर फिरतो, ठशांचें यंत्र हब सोडून थेट संगणकाच्या पाठीमागच्या पोर्टांत आहे, आणि नव्या यंत्राचे पैसे वांचले.

हीच रीत कोणासही आपल्या घरीं वापरतां येईल. कीबोर्ड व माउस यांखेरीज सर्व कांहीं काढून संगणक पूर्णपणें बंद करावा. पूर्णपणें हा शब्द महत्त्वाचा. विंडोज ८ पासून पुढें ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची एक सोय असते. ती चालूं असतां ‘शट डाउन’ म्हटलें तरी प्रणाली आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवून अर्धवटच विसांवते. म्हणून शिफ्ट की दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावें. मग भिंतींतील प्लग काढावा, चालू करण्याचें बटण दहा-पंधरा सेकंद दाबून आंत राहिलेली वीज जाऊं द्यावी, आणि पांच-सात मिनिटें थांबावें. त्यानंतर यंत्र सुरू करून नुसतेंच निजवून उठवावें. सूचना आली नाहीं, तर एक उपकरण जोडून तेंच, मग दुसरें. एका वेळीं दोन गोष्टी बदलूं नयेत, नाहींतर कोणतीनें गुण आला हें कधींच कळणार नाहीं. ज्या उपकरणानें सूचना येते तें दुसऱ्या पोर्टांत, आणि जमल्यास शेजाऱ्याच्या संगणकावर लावून पहावें. उपकरणामागें दोष चालत गेला तर दोष उपकरणाचा अगर त्याच्या केबलीचा. पोर्टापाशींच राहिला तर पोर्टाचा.

केबलीकडे लोक सहसा पाहतच नाहींत. समजा, एका लांब व बारीक केबलीच्या विजेच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.५ ओहम आहे आणि प्रवाह ०.९ अँपिअर आहे. तर ०.४५ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडून शेवटच्या टोकास ४.५५ व्होल्टच पोंचतील, आणि उपकरण अर्धवट जागें होऊन गप्प बसेल. टेबलावरील संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्टही पेटीच्या आंतून तारेनेंच आणलेले असतात. यास्तव डिस्कसारखीं अधिक विजेचीं उपकरणें पाठीमागच्या पोर्टांत लावणें बरें. इतक्यानेंही भागलें नाहीं तर ज्याला स्वतःचा वेगळा अॅडॉप्टर आहे असा हब घ्यावा.

विजेरी घेऊन पोर्टाच्या आंतही पहावें. कधीं आंतील जीभ वांकून तिचे पत्रे एकमेकांस टेकलेले असतात. कधीं कापसाचा धागा अगर गंज दिसतो. महाबळेश्वर, पाटण या बाजूच्या ओलसर घरांत पावसाळ्यानंतर हें विशेष पाहण्यांत येतें. यंत्र चालूं असतां त्यांत टांचणी घालून कोरूं नये.

सर्व उपकरणें निर्दोष ठरलीं आणि तरीही झोंपेनंतरच अडतें, असें असेल तर प्रणालीच्या व्यवस्थेंत बदल करून पहावा. विंडोजमध्यें ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या शाखेखालीं ‘यू. एस. बी. रूट हब’ असें नांव सांपडेल. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची संगणकास परवानगी देणारी एक खूण असते, ती काढावी. तसेंच ‘पॉवर ऑप्शन्स’च्या सविस्तर भागांत ‘यू. एस. बी. सिलेक्टिव्ह सस्पेंड’ असें कलम बहुधा असतें. तें बंद करावें. संगणक जागा असतांनाही रिकामें बसलेलें एखादें उपकरण एकटेंच निजविण्याची ही सोय आहे, आणि तिनें निजविलेलीं कांहीं उपकरणें नीट उठत नाहींत. लॅपटॉपवर या बदलानें बॅटरी थोडी लवकर उतरेल, इतकेंच. यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें आपल्या संकेतस्थळावर नवे ड्रायव्हर ठेवले असल्यास तेही घालावेत. रस्त्यावरच्या कोणत्याही सी. डी.वरून नव्हे.

आतां विद्यार्थ्यांसाठीं. पेन ड्राइव्हवर कांहीं उतरून घेत असतां संगणक निजला किंवा पोर्टाची वीज तुटली, तर लिहिणें मध्येंच थांबतें व फाइल अर्धवट राहते. कधीं संपूर्ण यादीच विस्कटते. मग उठल्यावर पडद्यावर प्रश्न येतो कीं, हा पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावयाचा काय? त्यास ‘नाहीं’ म्हणा. ‘होय’ म्हटल्यास जें कदाचित् वांचलें असतें तेंही दृष्टीआड होतें. वर्षभर केलेल्या प्रकल्पाची एकच प्रत, तीही पेन ड्राइव्हवर, आणि परीक्षक दुसऱ्या दिवशीं येणार, असे चेहरे मीं संगणकाच्या खोलींत पाहिले आहेत. दुसरी प्रत संगणकावर ठेवा, तिसरी घरीं; आणि काम संपल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ करून पेन ड्राइव्ह काढल्यावांचून संगणक निजवूं नका.

कांहींही न जोडतां नुसत्या संगणकावर सूचना येत राहिली, तर मात्र तो कारागिराकडे न्यावा. नेतांना एक चिठ्ठी लिहून द्यावी: सूचना झोंपेनंतरच येते कीं नेहमीं, कोणत्या पोर्टावर येते, आणि आपण काय काय काढून पाहिलें. त्यानें मदरबोर्ड बदलण्याचें सुचविलें तर एक पोर्ट बंद ठेवून बाकीच्यांवर काम चालेल काय, हें आधीं विचारावें, पुष्कळदां चालतें. परंतु ज्या पोर्टाची जीभ वांकून पत्र्यास टेकली आहे, तो तसाच राहूं देऊं नये. शेजारच्या पोर्टांची वीजही कित्येकदां त्याच रक्षकाच्या हातून येते, व एकासाठीं तो सर्वांचें दार लावून घेतो.